बारावा शब्द

१२ मार्च

पोरी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जायचे. तू फोन उचलत नाहीस. ठीक आहे. दाराखालून सरकवलेलं पत्र उचलायला तरी वाकावं लागेलच, आणि हातात आलेला कागद न वाचता टाकणं तुला जमायचं नाही. लहानपणी सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचीस.

आपल्या मुंगीची भाजलेली मांडी कशी आहे? जावईबापूंनी कळवलं की वर नवी कातडी आली, पण पावलावरचं अजून ओलं आहे. पट्टी बदलताना फार रडते का? डाव्या कुशीवर झोपवू नका, ती बाजू जन्मापासून आखडलेली, त्यात हे. तुला शिकवायची गरज नाही म्हणा. नऊ वर्षं तिचे पाय तूच चोळलेस, मी आपलं हात मोकळे आहेत म्हणून लिहितो.

गीझर बदलला. नव्याला काटा आहे, ठरवलेल्या आकड्याच्या वर पाणी तापतच नाही. जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. डॉक्टरांना जे सांगितलं तेच तुलाही सांगतो, पाणी एकदम उसळलं. यंत्र आहे, बिघडतं, माणूस काय करणार?

तू जाताना जे बोललीस ते मला लागलं. 'बाबा, तुम्ही सगळं घर गोल करून ठेवलंत, पण पोरीजवळ बसून राहायला तुम्हाला जमलं नाही.' जिन्यात उभी राहून म्हणालीस, शेजारच्या मास्तरीणबाई ऐकत होत्या. आता मीही सांगतो. या घरातला प्रत्येक उंबरा मी काढला. भिंतीला दांडी बसवली ती मुंगीच्या काखेचं माप घेऊन, आणि ती वाढली तशी दर सहा महिन्यांनी वर सरकवली. भिंतीत भोकांची रांग आहे, येऊन मोज. तुझ्या आईच्या टेबलाचे चारही कोपरे मी रंध्याने उडवले. ती असती तर तिने मला उडवलं असतं. शेगडीच्या बटणांवर झाकण, खिडकीला आडवे गज, जिन्याला फाटक. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, पोर माझ्यापाशी, आणि आठ वर्षांत तिच्या कपाळाला टेंगूळ आलं नव्हतं.

त्या दिवशी मी काही पत्ते कुटत बसलो नव्हतो. बाथरूमचं दार घासत होतो. दमट हवेने फुगलं होतं, घासून बंद व्हायचं. आणि ते नीट करा म्हणून माझ्यामागे कोण लागलं होतं? तूच. तिची बोटं त्या दारात चेमटली तेव्हापासून तू एकच धोशा लावला होतास. मी तुझंच काम करत होतो हे विसरू नकोस.

आणि कामाच्या खोलीत मी तिला नेत होतो अशी तुला शंका आहे, जावईबापू बोलून गेले. साफ खोटं. पटाश्या, करवती, तिथे पोराला कोण नेईल. तू एकदा नाही म्हणालीस, विषय संपला.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तू पेन्सिलीने मुंगीचे शब्द लिहिले होतेस, ते तसेच आहेत. अकरा. 'काका' म्हणजे पंखा. 'चल' म्हणजे उचलून घे. 'बस' म्हणजे अजून हवं. मी रोज शर्ट काढताना वाचतो. तू उतरवून नेलेस ना?

सरसाचं भांडं टाकून दिलं. आता लाकूड चिकटवायला बाटलीतला डिंक वापरतो. नीट धरत नाही, पण चालवून घेतो.

तुझा बाप

२९ मार्च

पोरी,

उत्तर नाही. बरं. तुझ्या आईचा हट्ट तुझ्यात उतरलाय आणि माझाही, त्यामुळे तुझ्यासमोर कुणाची मात्रा चालायची नाही. पण जावईबापू भला माणूस. कारखान्यातून सुटले की चार ओळी टाकतात. तू त्यांच्यावर ओरडू नकोस, मीच भंडावून सोडतो त्यांना.

दुसरा मजला घेतलात म्हणे. कुणी सुचवला? असो, आता घेतलाय तर ऐक. बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघ. आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडेल असं करून घे. पोर दारामागे पडली तर आत ढकलायचं दार तिलाच अडकतं आणि आपण बाहेर नुसते धडका देत बसतो. आतली कडी काढून टाका. खिडकीजवळ पलंग नको, खुर्ची नको, डबासुद्धा नको. तिचा उजवा हात धड आहे आणि त्या एका हाताने ती काय करू शकते हे तुला काय सांगायचं. भाड्याचं घर आहे, मालक कुरकुरेल. कुरकुरू दे.

मी केलेली आंघोळीची खुर्ची नेली आहेस. तिचा पट्टा कापून टाक. बक्कल पाठीमागे आहे, मुंगीचा हात तिथवर पोचत नाही. ती घसरू नये म्हणून मीच मुद्दाम तसं केलं होतं, आणि केलं तेव्हा मला फार हुशारी वाटली होती. आता काप. का ते विचारू नकोस.

दिवसभर सांभाळायला बाई ठेवल्या आहेत असं कळलं. दोन मुलं वाढवली आहेत म्हणे त्यांनी. मुंगीला सांभाळायला मुलं वाढवल्याचा अनुभव पुरत नाही, मुंगीची भाषा यावी लागते. जावईबापू म्हणाले, तू शब्दांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून स्वयंपाकघरात चिकटवली आहेस आणि बाई ती बघून बघून वागतात. अकराच्या अकरा लिहिलेस ना? मी परत एकदा कपाट उघडून मोजले. अकराच आहेत.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं तो दिवस आज आठवला. पेटीवर चिकटवायला नर्सने नाव विचारलं, तुम्ही दोघं रडत होता, मी म्हणालो, कसलं नाव, ही तर मुंगी आहे. तिने खरंच तेच लिहिलं. तू मला तेव्हा दोन दिवस बोलली नव्हतीस, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच 'मुंगे, डोळे उघड' म्हणत होतीस. यावेळी दोन महिने झाले.

बाबा

१७ एप्रिल

पोरी,

हे पत्र तीनदा फाडलं. आता चौथं जसं होईल तसं पाठवतो.

नवा गीझर बसवणारा वायरमन परवा वाटेत भेटला. म्हणाला, 'काका, तुमचा जुना गीझर ठणठणीत होता हो, उगाच भंगारात घातलात.' मी त्याला म्हणालो, तुझं काम तू कर. घरी आलो आणि जेवण काही गेलं नाही.

पाणी उसळलं नव्हतं. गरम नळ मी सोडला, माझ्या या हाताने. मी दाराबाहेर उभा राहून दाराची कड घासत होतो, नळ दाराला लागूनच आहेत, तुला माहीत आहे. आत न बघता हात घातला आणि गरम नळ वाढवला. एकदा नाही, दोनदा.

तू विचारशील, का वाढवलात? पाणी गार आहे असं मला वाटलं. एवढंच आज लिहवतं. ती ओरडली ते मी ऐकलं होतं. बहिरा नाही मी. ऐकूनच वाढवला.

तुला वाटत होतं मी तिला टाकून कुठेतरी गेलो होतो. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. टाकून गेलो असतो तर बरं झालं असतं, निदान नळ होता तसा राहिला असता.

ही चूक मी कबूल केली आहे. आता मुंगीला भेटायला येऊ का, ते तू ठरव. मी येऊ का असं विचारतोय, येतो असं म्हणत नाही.

बाबा

६ मे, तुमच्या जिन्यात, दुपारी

पोरी,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तुझ्या दाराबाहेर वरून तिसऱ्या पायरीवर बसून लिहितोय. कागद बाईंनी दाराच्या फटीतून दिला, त्याच्या मागे तुमचं विजेचं बिल आहे. घाबरू नकोस, मुंगीला काही झालेलं नाही. आज झालेलं नाही.

आता सगळं सांगतो.

सकाळी जावईबापूंचा मेसेज आला. तो जसाच्या तसा उतरवतो. 'मुंगी मजेत. नवा शब्द म्हणते, गार. आंघोळीला बसली की गार गार करते. एवढ्या उकाड्यातही तिला थंडी वाजते, म्हणून बाई हल्ली पाणी जरा कडक देतात.' शेवटी हसरं तोंड.

मी लगेच त्यांना फोन लावला. त्यांचे फोन कारखान्याच्या फाटकावर जमा करतात, लागणार कुठून. तुला सतरा वेळा लावला. तू उचलला नाहीस, त्यात तुझी चूक नाही, मी माणूसच तसा झालोय. बाईंचा नंबर माझ्याकडे नाही. मग सव्वासहाची गाडी पकडली. पायात चपला वेगवेगळ्या आहेत, हे मला निम्म्या वाटेवर दिसलं.

साडेअकराला वर आलो. दार वाजवलं, बाई आतून म्हणाल्या, 'ताईंनी सांगितलंय, कुणालाही उघडायचं नाही.' मी म्हणालो, मी मुंगीचा आबा. त्या म्हणाल्या, 'आबांना तर मुळीच नाही म्हणाल्यात.' वर म्हणाल्या, 'मला आत जाऊ द्या, पोर आंघोळीला बसलीय.' आणि मागून मुंगीचा आवाज आला. गार.

मी दारावर दोन्ही हात आपटून ओरडलो, नळ बंद करा, आधी नळ बंद करा, गार म्हणजे गरम. त्यांना वाटलं म्हातारा खुळावला. पण बाई शहाणी आहे. गेली, पाण्याचा आवाज थांबला. परत दाराशी येऊन म्हणाली, 'माझ्या हाताला तर कोमटच लागतंय.' मी विचारलं, हात कसले आहेत तुमचे? म्हणाली, 'वीस वर्षं लोकांची भांडी घासते.' मी म्हटलं, कोपर बुडवून बघा. जरा वेळाने आतून आवाज आला, 'अगंबाई, हे तर पोळतंय.' मुंगीच्या पायावर पाणी नुकतंच पडायला लागलं होतं. नुसतं लालसर झालंय, बाईंनी साधं पाणी ओतलंय, तू आलीस की बघ.

माझा हातही तसलाच आहे. बेचाळीस वर्षं लाकूड धरून त्याचं लाकूड झालंय. जानेवारीत मीही तळहाताने बघूनच तिला बसवलं होतं.

आता राहिलेलं ऐक. मी तिला कामाच्या खोलीत न्यायचो. रोज. तू गेलीस की अर्ध्या तासात आम्ही दोघं तिथे. तिच्यासाठी खोका केला होता, पाठ टेकायला फळी, त्यात ती बसायची आणि लाकडाचे कीस उधळायची. इतकी हसायची की मला थांबवत नव्हतं. तुला सांगायचं धाडस नव्हतं. संध्याकाळी तिचा फ्रॉक झटकून द्यायचो, तुला कीस दिसू नये म्हणून.

नोव्हेंबरात सरस तापत ठेवला होता. मी पाठमोरा होतो. तिने हात लांबवला आणि भांड्याला लावला. दोन बोटांची टोकं भाजली. मी तिला उचललं, हात पाण्यात घातला, फुंकर घातली आणि म्हणत राहिलो, 'गार, गार, झालं बघ गार.' ती रडायची थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'गार.' नवा शब्द. मला इतका आनंद झाला, तुला सांगतो, भाजल्याचं विसरलो. संध्याकाळी तू बोटं बघितलीस तेव्हा मी म्हणालो, बाथरूमच्या दारात चेमटली.

दारात तिची बोटं कधीच चेमटली नव्हती. मी खोटं सांगितलं, म्हणून तू दार घासायला लावलंस, म्हणून त्या दिवशी मी पोरीकडे पाठ करून दार घासत होतो. आणि पहिल्या पत्रात मी तुझ्यावरच उलटलो. लिहिताना माझा हातसुद्धा अडखळला नाही.

त्यानंतर ती सरसाच्या भांड्याकडे बोट करून म्हणायची, गार. चहाच्या कपाकडे, गार. इस्त्रीकडे, गार. मला गंमत वाटायची. मी म्हणायचो, हो गं बाई, गार गार, माठातलंच पाणी जसं. ती रागावून परत म्हणायची, आणि मी परत हसायचो. मला माहीत होतं तिचं 'गार' म्हणजे काय. जगात एकट्या मलाच माहीत होतं. कपाटाच्या दारावर मी तो शब्द लिहिला नाही, कारण कुठे शिकली हे तू पहिलं विचारलं असतंस.

जानेवारीत पट्टा बांधून तिला खुर्चीत बसवलं, पाणी सोडलं आणि दाराकडे वळलो. ती म्हणाली, गार. रंध्याच्या आवाजात मला वाटलं, थंडी वाजतेय पोरीला. सगळं जग ज्या अर्थाने ऐकतं त्या अर्थाने मी ऐकलं. गरम नळ वाढवला आणि म्हणालो, 'हो हो, करतो गरम.' ती ओरडली, गार, गार. मी आणखी वाढवला. ती मला नावानिशी सांगत होती, आमच्या दोघांच्याच शब्दात सांगत होती, आणि पट्ट्यामुळे तिला हलता येत नव्हतं. मग तो शब्द बंद झाला आणि नुसती किंकाळी आली, तेव्हा मी आत बघितलं.

एप्रिलच्या पत्रात हे लिहिणार होतो. नळाचं लिहिलं, तेवढ्यावर भागेल असं वाटलं. शब्दाचं लिहिलं की सरसाचं लिहावं लागणार, सरसाचं लिहिलं की तू मुंगीला पुन्हा कधी दाखवणार नाहीस, असा हिशेब केला. माझी अब्रू राखायला मी तो शब्द तीन महिने खिशात ठेवला, आणि इथे तुमच्या स्वयंपाकघरात अकरा शब्दांची यादी लावून एक भली बाई पोरीला कडक पाणी घालत होती. आज ती गाडी चुकली असती तर काय झालं असतं, ते वाटेत पाच तास माझ्या डोळ्यांसमोर होतं.

यादीत लिही. बारावा शब्द, गार. म्हणजे गरम. म्हणजे भाजतंय. म्हणजे आधी नळ बंद करा आणि मग विचारा. शाळेत लिहून दे, दवाखान्यात दे, ज्याच्या ज्याच्या हातात पोर जाईल त्याला दे. हे झालं की मग मला काय बोलायचं ते बोल.

बाई अजून दार उघडत नाहीत आणि मी उघडा म्हणणारही नाही. त्यांना रागावू नकोस, असं माणूस मिळायचं नाही. मघाशी त्यांनी मुंगीला पुसून दाराशी आणलं. ती खाली बसली असावी, कारण दाराच्या फटीतून मला तिच्या बोटांची टोकं दिसली, तीच दोन. मी म्हणालो, मुंगे, मी आबा. मग ती हळू आवाजात म्हणाली, 'गार.'

मी हातातलं पेन खाली ठेवलं आणि ऐकत बसलो. ती पुन्हा म्हणाली नाही. पाय चुरचुरतोय म्हणून फुंकर मागते आहे, की तिच्या यादीत आता माझंच नाव 'गार' झालंय, हे मला दाराबाहेरून कळत नाही. मी फटीला तोंड लावून फुंकर घातली. बोटं मागे गेली.

तू सहाला येशील म्हणून बाई सांगतात. तोवर मी या पायरीवर आहे. पत्र तुझ्या हातात देईन, तू इथेच उभी राहून वाच, मग आत जा आणि तिला माझं नाव घेऊन विचार, आबाला आत घेऊ का. ती काय म्हणते ते तिच्या तोंडाकडे बघून तुला कळेल. तू सांगशील तसं मी आत येईन, नाहीतर साडेसातची गाडी आहे.

बाबा